गाईचं दूध बंद, मग बाटलीत काय? (बदाम/सोया दूध, व्हीगन आहार आणि लहान मुलं)

सायली_क | ३ जून, रात्री ११:४०
नमस्कार मंडळी, बऱ्याच वर्षांची वाचक आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. लेक १४ महिन्यांची. दहाव्या महिन्यात पहिल्यांदा दहीभात भरवला तर तिसऱ्या घासाला तोंडाभोवती लाल गांधी उठल्या आणि अर्ध्या तासात उलटी. वाटलं उन्हाळा आहे. आठवड्याने एका बारशात कुणीतरी पेढ्याचा नखाएवढा तुकडा चाटवला, परत तेच आणि या वेळी डोळेही सुजले. मग तपासण्या झाल्या, गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी "दूध आणि दुधाचं सगळं बंद, वर्षाने बघू" लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या पाच मिनिटांत "मग देऊ काय" हे विचारायचंच राहून गेलं.

आत्तापर्यंत निभावलं कारण अजून अंगावर पिते. पण पुढच्या आठवड्यापासून मी ऑफिसला आणि ती पाळणाघरात. त्यांच्या यादीत स्पष्ट लिहिलंय, "दूध, १ बाटली". सासूबाई रोज दहा बदाम भिजवून, सोलून, वाटून, पंचातून गाळून वाटीभर बदामाचं दूध देतात आणि ती गटागटा पिते. नवरा तीन वर्षांपासून व्हीगन (प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही), त्याला तर हा योगच वाटतोय, म्हणतो ॲलर्जी आहेच तर हिला व्हीगनच वाढवू, अंडंही नको. मी साधी शाकाहारी, अंडं फक्त केकमधून. आणि माझी आई फोनवर रडते की दुधाशिवाय पोरीची हाडं कशी धरणार.

तर प्रश्न दोन. बाटलीत काय द्यावं, बदाम, सोया, ओट, नारळ की काहीच नको? आणि इतक्या लहान मुलाला पूर्ण व्हीगन ठेवलेलं कुणी स्वतःच्या घरात पाहिलंय का? ऐकीव नको. गुगल कर म्हणू नका, गुगलनेच झोप उडवलीय.

मुक्ता७९ | ३ जून, रात्री ११:५२
रुमाल टाकून ठेवते. भाच्याला हेच आहे, वहिनीला लिंक पाठवते.

फुकटसल्ला | ४ जून, सकाळी ७:१०
व्हीगन नवरा, बदामवाल्या सासूबाई, रडणारी आई. ॲलर्जी सोडा हो, यावर मालिका काढा.

कट्टेकरी | ४ जून, सकाळी ७:३५
आमच्यात असलं काय नसतंय. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर या, डोळ्यासमोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देत्यात. एक ग्लास पाजा पोरीला, ॲलर्जी बिलर्जी पळून जातीय. पाकिटातलं दूध म्हणजे दूध हाय व्हय?

कडूगोड_औषध | ४ जून, सकाळी ९:२०
कट्टेकरी, कृपा करून हा प्रतिसाद कुणी खरा मानू नका. मी नाशिकला बालरोगतज्ज्ञ आहे. इथे बसून कुणाच्या मुलाचं निदान करणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांनाच माहीत असायला हव्यात.

ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याला म्हशीचं चालत नाही, शेळीचंही नाही, आणि 'देशी गाईचं ए२' सुद्धा नाही. या सगळ्यांतली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की शरीराला फरक कळत नाही. दुसऱ्यांदा डोळे सुजले असं सायली लिहितात, तेव्हा "थोडं थोडं देऊन सवय लावू" हा घरगुती प्रयोग अजिबात नको. श्वास लागला, घरघर झाली, मूल एकदम मलूल पडलं तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि धारोष्ण दूध तर ॲलर्जी नसलेल्या मुलालाही देऊ नये, न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, क्षयसुद्धा.

दुसरं, ॲलर्जी वेगळी आणि लॅक्टोज न पचणं वेगळं. लॅक्टोज ही दुधातली साखर. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर काही दिवस ती पचत नाही, मग आपोआप पचायला लागते. ॲलर्जी प्रथिनाची असते, त्यामुळे 'लॅक्टोज फ्री' लिहिलेलं पाकीट या मुलीला चालणार नाही, कारण ते गाईचंच दूध असतं. बिस्किटं, ब्रेड, शिशुआहाराचे डबे घेताना मागची बाजू वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन यातलं काहीही दिसलं तर परत ठेवा.

चांगली बातमी म्हणजे बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते. गेली की नाही हे मात्र दवाखान्यात बघायचं, बारशात नाही.

सायली_क | ४ जून, सकाळी १०:०२
डॉक्टर, खूप आभार. लॅक्टोज फ्री पाकीट काल कार्टमध्ये टाकलेलं होतं. काढलं.

दादरकर_काका | ४ जून, दुपारी १२:१५
आमच्या लहानपणी आरेच्या काचेच्या बाटल्या येत. वर पातळ पत्र्याचं झाकण, त्यावर रंगीत पट्टे. पहाटे केंद्रावर कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही चार भावंडं, आईवडील आणि आजी, आणि दूध अर्धा लिटर! त्यातलं निम्मं चहात जाई, उरलेलं रात्री विरजणाला. झाकणाला चिकटलेली साय चाटायला मिळावी म्हणून मारामाऱ्या. म्हणजे 'ग्लासभर दूध' हा प्रकार आमच्या चाळीत फक्त आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. आज मी ७४ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडलो तरी हाड मोडलं नाही. तेव्हा सायलीताईंच्या मातोश्रींना माझा निरोप सांगा, रडू नका म्हणावं.

मुक्ता७९ | ४ जून, दुपारी १२:३१
काका +१. "दूध म्हणजे पूर्णान्न" हे आपल्या शाळेच्या पुस्तकात होतं, ताटात नव्हतं.

वाटीचमचा | ४ जून, दुपारी ३:४८
आहारतज्ज्ञ आहे, पुण्यातली. सासूबाईंच्या बदामांपासून सुरुवात करते, त्यांचा मान राखून.

दहा बदाम म्हणजे साधारण १२ ग्रॅम. सगळेच्या सगळे पोटात गेले तर त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास प्रथिन आणि ३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. आता ते वाटून पंचातून गाळले, चोथा बाजूला काढला. बराचसा ऐवज पंचात! वाटीत राहिलं पांढरं, सुवासिक पाणी आणि थोडं तेल. गाईच्या दुधाच्या त्याच वाटीत, २०० मिली धरा, साडेसहा ग्रॅम प्रथिन आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे रंग सारखा, बाकी काही सारखं नाही. शिवाय वाटीभर पिऊन पोट भरतं आणि पोरगी वरणभाताला तोंड फिरवते, हे नुकसान वेगळंच. बदाम द्यायचेच तर त्याची गुळगुळीत पेस्ट करून लापशीत घाला, चोथ्यासकट. अख्खा बदाम किंवा शेंगदाणा या वयात नाही, घशात अडकतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. ओट: प्रथिन सोयाच्या निम्म्याहूनही कमी, चव गोडसर म्हणून मुलांना आवडतं. नारळ: जेवणात उत्तम, दुधाची जागा नाही घेत. तांदळाचं दूध: पाच वर्षांखालच्यांना देऊच नका, तांदळात आर्सेनिक उतरतं, म्हणून ब्रिटनमध्ये सरकारी सल्लाच तसा आहे. उरलं सोया. यांपैकी प्रथिनाच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाणारं हे एकच. पण कुठलंही सोया नाही. पाकिटावर बिनसाखरेचं आणि कॅल्शियम, बी१२, ड जीवनसत्त्व घातलेलं असं लिहिलेलं हवं. घरी सोयाबीन वाटून केलेल्यात प्रथिन मिळेल, पण हे वरून घातलेलं काहीच नसतं. आणि पाकीट ओतण्याआधी जोरात हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं. पहिले सात कप चुन्याशिवाय आणि आठव्यात सगळा चुना, असं होतं.

हे सगळं वर्ष पूर्ण झालेल्यांसाठी. वर्षाच्या आत दूध म्हणून आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेला फॉर्म्युला (बाळांसाठी बनवलेली पावडर), तिसरं काही नाही. सोया फॉर्म्युला आणि सोया दूध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. २०१६ साली स्पेनमधली एक केस छापून आली होती, अडीच महिन्यांपासून मुख्यतः बदामाच्या पेयावर ठेवलेलं ११ महिन्यांचं बाळ, त्याला स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाअभावी होणारा आजार) झाला होता. खलाशांना व्हायचा तोच.

शिशिर_ऋतू | ४ जून, दुपारी ४:२०
सोयाने मुली लवकर वयात येतात ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

वाटीचमचा | ४ जून, दुपारी ४:३३
सोसायटीच्या ग्रुपवर लसणाने कॅन्सरही बरा होतो. कित्येक दशकं जगभर मुलं सोया फॉर्म्युल्यावर वाढलीत, असं ठोस काही दिसलेलं नाही. दिवसाला एक-दीड कप सोया दूध आणि कधीतरी टोफू, यात घाबरण्यासारखं नाही. फक्त दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही, तेव्हा पहिल्यांदा देताना डॉक्टरांना विचारून आणि दिवसा द्या, झोपायच्या वेळी नको.

माडाखाली | ४ जून, संध्याकाळी ६:०५
आमच्या फोंड्यात नारळाच्या रसाशिवाय स्वयंपाक नाही, पण तो कुणी बाटलीत घालून मुलाला पाजत नाही. आजी पेज द्यायची, उकड्या तांदळाची, वर चमचाभर जाड रस आणि गुळाचा खडा. बाळसं धरायचं. ते दूध म्हणून नव्हे, तूप म्हणून हे माझ्या आता लक्षात येतंय.

ध्रुव_उत्रेख्त | ४ जून, रात्री ९:५०
सायली, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला घरचं उत्तर देतो. मी आणि बायको दोघेही व्हीगन, मुलगा आता साडेचार वर्षांचा, जन्मापासून व्हीगन. मूळचे साताऱ्याचे. नेदरलँड्समध्ये मुलांना चार वर्षांपर्यंत 'कॉन्सल्टाटीबुरो'त नेतात, म्हणजे सरकारी बालआरोग्य केंद्र, तिथे उंची-वजनाचा आलेख काढतात. आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं. तिथल्या नर्सबाईंनी ना भाषण दिलं ना कौतुक केलं, सरळ विचारलं, "बी१२ कोण देणार, तुम्ही की तुम्ही?" आणि आहारतज्ज्ञाकडे पाठवलं.

आमचं रोजचं असं. बी१२ चे थेंब, एकही दिवस चुकवत नाही, फ्रिजवर कॅलेंडर आहे त्यावर टिक करतो. ड जीवनसत्त्व १० मायक्रोग्रॅम, ते इथे चार वर्षांपर्यंत सगळ्याच मुलांना देतात, व्हीगन असो नसो. फॉर्टिफाइड (वरून जीवनसत्त्वं, कॅल्शियम घातलेलं) सोया दूध दोन कप. आयोडीनसाठी आयोडीनयुक्त मीठ. जवसाचं तेल वरणावर अर्धा चमचा. बाकी आपलं नेहमीचंच, वरण, उसळी, शेंगदाण्याचं कूट, नाचणी, वर लिंबू. मुलगा आलेखात मधल्या रेषेच्या जरा खाली आहे पण स्वतःची रेषा सोडलेली नाही.

जमतं, पण "दूध बंद केलं की झालं व्हीगन" असं नाही जमत. ही एक जास्तीची नोकरी आहे. ती नोकरी घरात कोण करणार हे तुमच्या नवऱ्याला आधी विचारा.

कॅरोलिनाकाकू | ५ जून, पहाटे ५:१२
ध्रुव, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं. इथे अमेरिकेत आमच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, पाच वर्षांपर्यंत वनस्पतीजन्य दूध नको, ॲलर्जी किंवा व्हीगन असाल तर फॉर्टिफाइड सोया. २०१९ मध्ये बालरोग, हृदयरोग, दंतवैद्यक आणि आहार अशा चार संस्थांनी मिळून हेच सांगितलंय. दातवाले का, तर गोड केलेली बदाम-ओट दुधं मुलं दिवसभर बाटलीतून चोखत बसतात.

गोठ्यातून | ५ जून, सकाळी ८:४०
सगळं वाचलं. ॲलर्जी असेल तर प्रश्नच नाही, बाळाला जपा. पण 'व्हीगन' म्हटलं की माझं डोकं फिरतं. २०२१ ला पेटाने (प्राणिहक्कवाली संघटना) अमूललाच पत्र लिहिलं की आता वनस्पतीच्या दुधाकडे वळा. ज्यांच्याकडे दोन म्हशी आणि दीड एकर आहे त्यांनी काय बदामाची बाग लावायची का? सकाळी पाचला उठून शेण काढतो, डेअरीत फॅट आणि एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला घन भाग) काट्यावर दर ठरतो, कधी कधी पेंडीचा खर्चही निघत नाही. आमचं दूध क्रूर आणि परदेशातून आलेलं डब्यातलं ओटचं पाणी दयाळू?

ध्रुव_उत्रेख्त | ५ जून, सकाळी ११:१५
दादा, तुमच्यावर राग नाही. माझे आजोबाही गोठेवालेच. पण रेडकाचं काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्यावर वेगळा धागा काढा, येतो मी.

गोठ्यातून | ५ जून, सकाळी ११:२८
काढतो. रेडकाचं बोललात ते खोटं नाही. पण ट्रॅक्टर आल्यावर रेडा कोण पोसणार, तेही सांगा तिथे.

फुकटसल्ला | ५ जून, दुपारी १:००
मूळ प्रश्न: सोयाच्या पाण्याला दूध म्हणावं का? मराठीत झाडातून पांढरं आलं की त्याला 'चीक' म्हणतात. सोयाचा चीक प्या.

माडाखाली | ५ जून, दुपारी १:२२
आणि गाईच्या चिकाचा खरवस करतात. म्हणजे चीक दोन्हीकडे आहे, तुमचा मुद्दा बाद. नारळाचं दूध तर आम्ही कायद्याच्या आधीपासून म्हणतोय.

शिशिर_ऋतू | ५ जून, दुपारी २:०५
अवांतर पण खरं, एफएसएसएआयने (आपलं सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२१ मध्ये सांगितलं की वनस्पतीच्या पेयांना दूध म्हणून विकायचं नाही. म्हणून पाकिटांवर आता 'सोया ड्रिंक', 'बेव्हरेज' असं काहीतरी दिसतं. युरोपच्या न्यायालयानेही २०१७ मध्ये तेच ठरवलं. नारळाचं दूध तिथेही अपवादात होतं बहुतेक, माडाखाली खूश.

वाटीचमचा | ५ जून, दुपारी २:४०
नावाचा वाद हसण्यावारी नेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या आयांचा घोटाळा तिथूनच होतो. 'दूध' लिहिलंय म्हणजे दुधासारखंच असणार असं वाटून बदामाच्या पाण्यावर पोरं ठेवतात.

रानजाई | ५ जून, रात्री १०:५५
हे लिहावं की नाही असा दोन दिवस विचार करत होते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. घर कडक शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, पण दूधदुभतं भरपूर, व्हीगन वगैरे शब्दही माहीत नव्हता. बाळ अंगावर पीत होतं, गुबगुबीत, सगळे म्हणायचे काय बाळसं आहे. नऊ महिन्यांचा झाला तेव्हा बसायला लागला होता, दहाव्यात बसणं सोडलं. हाक मारली तर बघेना. हसणं बंद. केस विरळ आणि तांबूस झाले, बोटांची पेरं काळी पडली, आम्ही म्हटलं उन्हात नेता म्हणून. मग एक दिवस हात थरथरायला लागले. झोपला की थांबायचे, उठला की सुरू. आम्ही फिट समजून रात्री पळालो.

तिथल्या तरुण डॉक्टरने बाळाची पेरं बघितली आणि बहिणीला विचारलं, "तुम्ही काय खाता?" आम्हाला वाटलं याला काही कळत नाही, बाळ आजारी आहे आणि हा आईचं विचारतोय. बी१२ तपासलं, आईचं आणि बाळाचं, दोन्ही तळाला. आईत नाही म्हणून दुधात नाही, दुधात नाही म्हणून बाळात नाही. इंजेक्शनं सुरू केली. पाचव्या दिवशी तो बहिणीकडे बघून हसला. आम्ही सगळ्या बायका वॉर्डात रडलो. आता सात वर्षांचा आहे, बोलायला उशीर झाला त्याला, अजून थेरपी चालू आहे.

सायली, तू शाकाहारी, अंगावर पाजतेस, लेक १४ महिन्यांची. सोया की बदाम हे नंतर बघ. आधी स्वतःचं बी१२ बघ.

कडूगोड_औषध | ५ जून, रात्री ११:२०
रानजाई, लिहिलंत ते फार बरं केलंत. याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात, आपल्याकडच्या बालरोगाच्या पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा आहे. बाहेरून मूल गुटगुटीत दिसतं म्हणून कुणाला शंका येत नाही. बी१२ वनस्पतींत नसतं. स्पिरुलिनात जे असतं ते शरीराला वापरता येत नाही, इडली आंबवल्यानेही भागत नाही. दुधात असतं, पण चहातलं दूध आणि वाटीभर ताक यात आईचं पुरत नाही.

आणि उलटी बाजूही सांगतो, कारण दूधवाल्यांना फार हुशारी वाटते. माझ्या ओपीडीत पांढरीफटक पडलेली सर्वांत जास्त मुलं कोणती? दिवसाला लिटरभर दूध पिणारी. दुधात लोह जवळजवळ नसतं, पोट मात्र भरतं. वर्षानंतर अर्धा लिटर ही वरची मर्यादा समजा. आया सांगतात, "जेवत नाही हो, पण दूध छान पितो." अहो, दूध छान पितो म्हणूनच जेवत नाही.

कट्टेकरी | ६ जून, सकाळी ७:०५
रानजाईताई, वाचून पोटात गोळा आला. माझा कट्ट्याचा प्रतिसाद मागं घेतो. आमची बाळंतीण हाय घरात, आजच रक्त द्यायला लावतो.

सायली_क | ६ जून, सकाळी ७:४०
रात्रभर झोप नाही. तपासणीला माणूस बोलावलाय, साडेनऊला येतोय. लेकीच्या बोटांची पेरं दहा वेळा बघून झाली. काळी नाहीत. बहुतेक.

मुक्ता७९ | ६ जून, सकाळी ७:५२
अगं धीर धर. आणि डॉक्टरांनाही दाखवून ये, फक्त रिपोर्टवर राहू नको.

दादरकर_काका | ९ जून, दुपारी ४:३०
सायलीताई, काही कळलं का? आम्ही दोघे रोज धागा उघडून बघतो. हिने तर माझंही बी१२ करायला लावलं, आता मला गोळ्या सुरू झाल्या आहेत. हाडं ठणठणीत म्हणून फुशारकी मारली ती अंगाशी आली.

सायली_क | १६ जून, रात्री १०:१५
उशिराबद्दल माफ करा, आठवडा धावपळीत गेला. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पाऊण तास दिला.

लेकीची वाढ ठीक, बसते, धरून चालते, "काऊ" म्हणते. हिमोग्लोबिन ९.८, लोहाचे थेंब सुरू. तिचं बी१२ कमी आहे पण रानजाईंनी लिहिलं तशी वेळ आलेली नाही, औषध सुरू झालंय. माझं बी१२ १४८, आणि लॅबची खालची रेघ २११ ला. मलाही इंजेक्शनं.

आता ऐका गंमत. नवऱ्याचंही केलं. तीन वर्षं दुधाचा थेंब नाही, आणि त्याचं ४१०! कारण गोळी. व्हीगन झाल्या दिवसापासून आठवड्याची गोळी न चुकता घेतोय. आणि रोज वाटीभर दही खाणारी, बाळाला पाजणारी मी, मला कुणी विचारलंच नाही, त्यानेही नाही. त्यावरून घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. ध्रुव, तुमचा प्रश्न त्याला विचारला. फ्रिजवर कॅलेंडर लागलंय. टिक तो करतो.

कायमचं व्हीगन की नाही हे सध्या बाजूला ठेवलंय. अंडं सुरू करायला डॉक्टर हो म्हणाले, नवरा नाराज आहे पण "ॲलर्जी जाईपर्यंत" या बोलीवर कबूल झालाय. सोया डॉक्टरांसमोर चमचाभर देऊन पाहिलं, सोसलं. रोज एक कप, पाकीट हलवून हलवून हात दुखतो. पाळणाघराच्या ताईंना ॲलर्जीचं पत्र दिलं, त्या म्हणाल्या दुधाचा पेढाबिढा कुणाचा वाढदिवस असला तरी देणार नाही, पण बाटली रिकामी दिसली तर बाकीच्या आया विचारतात. म्हणून बाटलीत साधं पाणी आणि डब्यात खाणं.

डब्याचं सांगते कारण मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं: नाचणी मोड आणून, वाळवून, भाजून दळलेली, तिची लापशी, त्यात चमचाभर तिळाची पूड आणि खारकेची पूड. दुपारी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर लिंबू. लिंबाने लोह अंगी लागतं म्हणे. सकाळ-रात्र माझं चालूच आहे. आईला रोज डब्याचा फोटो पाठवते, ती आता तीळ किती घातलेस विचारते, रडत नाही.

रानजाई | १६ जून, रात्री १०:२१
वाचून बरं वाटलं गं. बाकी काही लिहवत नाही.

वाटीचमचा | १७ जून, सकाळी ९:३०
मस्त. ३० ग्रॅम नाचणीत ११० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, चमचाभर तिळात ६० च्या आसपास, सोयाचा कप आणि तुझं दूध धरलं तर दिवसाच्या ५०० च्या जवळ जातेस. सगळंच अंगी लागत नाही, पण मोड आणलेत हे फार चांगलं केलंस. सासूबाई काय म्हणतात? बदाम बंद झाले म्हणून रागावल्या नाहीत ना?

सायली_क | १७ जून, सकाळी ९:५२
नाही नाही, त्यांनी तर मनावर घेतलंय. नाचणी त्याच दळून आणतात. फक्त पोरीला कोंडा बाधेल म्हणून पीठ पाण्यात कालवून आधी पंचातून गाळून घेतात आणि खालचं पांढरं सत्त्व तेवढं शिजवतात.

वाटीचमचा | १७ जून, सकाळी ९:५४
परत पंचा!! अगं बरंचसं कॅल्शियम त्या कोंड्यात असतं.

फुकटसल्ला | १७ जून, सकाळी १०:०१
पंचा जप्त करा. सगळं बाळसं त्यालाच धरतंय.